लिनक्स ड्रायव्हरमधली मेमरी: प्रोबपासून रिमूव्हपर्यंत

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, मेमरी मागायला डझनभर फंक्शनं आहेत. नवा ड्रायव्हर लिहिणारा बहुधा त्यातलं पहिलं, म्हणजे केमॅलॉक उचलतो, फ्लॅग म्हणून जीएफपी_कर्नल देतो आणि पुढे सरकतो. बऱ्याच ठिकाणी ते बरोबरही असतं. अडतं ते उरलेल्या ठिकाणी, आणि तिथेही मेमरी मिळाली नाही म्हणून फार क्वचित. मिळालेली मेमरी या क्षणी प्रोसेसरच्या ताब्यात आहे की कार्डाच्या, आणि ती परत करायची वेळ नेमकी कधी येते, हा हिशेब चुकला की मशीन कोसळतं. म्हणून इथे फंक्शनांची यादी देण्याऐवजी एकच ड्रायव्हर घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाऊ.

समजा, पीसीआय एक्सप्रेसवर बसणारं एक डेटा अक्विझिशन कार्ड आहे. ते सिग्नलचे नमुने गोळा करून थेट मुख्य मेमरीत लिहितं. त्याला २५६ डिस्क्रिप्टरची (बफर कुठे आहे ते कार्डाला सांगणाऱ्या नोंदींची) रिंग, म्हणजे फिरून फिरून वापरायची यादी, लागते, प्रत्येक डिस्क्रिप्टर १६ बाइटचा आणि त्यात १६ केबीच्या एका बफरचा पत्ता. म्हणजे रिंग ४०९६ बाइटची, x८६ प्रोसेसरवर बरोबर एक पेज (पान, म्हणजे कर्नल मेमरी ज्या मापाने वाटतो तो तुकडा). आणि बफर सगळे मिळून ४ एमबी. शिवाय ड्रायव्हरचं स्वतःचं स्ट्रक्चर आहे, आणि वापरणाऱ्या प्रोग्रॅमने आयऑक्टलमधून (ड्रायव्हरला आज्ञा द्यायच्या सिस्टिम कॉलमधून) पाठवलेली चॅनेलांची यादी आहे. या चार गोष्टींसाठी चार वेगळे निर्णय घ्यावे लागतात.

## पहिली पायरी: ड्रायव्हरचं स्ट्रक्चर

हे सोपं काम. प्रोबमध्ये, म्हणजे कार्ड सापडल्यावर कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये, केझॅलॉक वापरा, नुसतं केमॅलॉक नको. केझॅलॉक मेमरी शून्य करून देतं, केमॅलॉक जशी असेल तशी देतं. नुसता वेग पाहिला तर शून्य करण्यात थोडा वेळ जातो, पण प्रोब एकदाच चालतो. उलट शून्य न केलेल्या स्ट्रक्चरमधल्या फटींमध्ये, म्हणजे कंपायलरने अलाइनमेंटसाठी सोडलेल्या बाइटांमध्ये, कर्नलच्या दुसऱ्या भागाचा जुना डेटा पडून असतो. ते स्ट्रक्चर पुढे कधी यूजरस्पेसला, म्हणजे साध्या प्रोग्रॅमांच्या बाजूला, कॉपी झालं, की तो डेटाही बाहेर जातो. असे कितीतरी सुरक्षा-दोष कर्नलमध्ये सापडले आणि दुरुस्त झाले आहेत.

साइझ देताना टाइपचं नाव लिहू नका, पॉइंटरच्या पुढे तारा लावून त्याचा साइझऑफ घ्या. उद्या टाइप बदलला तरी साइझ आपोआप बरोबर राहते. परत आलेला पॉइंटर नल आहे का ते तपासा आणि असेल तर उणे ईनोमेम (‘मेमरी नाही’ हा एरर कोड) परत करा. मात्र ‘मेमरी मिळाली नाही’ असा स्वतःचा संदेश छापू नका. अ‍ॅलोकेटर (मेमरी वाटणारा कर्नलचा भाग) स्वतःच स्टॅक ट्रेससकट पुरेसं ओरडतो आणि चेकपॅच ही कोड तपासणारी स्क्रिप्ट त्या ओळीवर हरकत घेतेच.

आत काय होतं, तेही थोडं पाहू. केमॅलॉकच्या मागे आज स्लब हा एकच अ‍ॅलोकेटर उरला आहे, स्लॉब ६.४ मध्ये गेला आणि जुना स्लॅब ६.८ मध्ये. स्लब ठरावीक मापांचे डबे तयार ठेवतो: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६ आणि पुढे दुपटीने. १३० बाइट मागितले तर १९२ चा डबा मिळतो. ४१०० मागितले तर ८१९२ चा, म्हणजे जवळजवळ निम्मी जागा वाया. स्ट्रक्चर एका पेजच्या किंचित वर जात असेल तर त्यातला एखादा मोठा अ‍ॅरे वेगळा काढणं फायद्याचं. एकाच मापाचे हजारो ऑब्जेक्ट सतत बनवायचे-मोडायचे असतील तर केमेम_कॅश_क्रिएटने स्वतःचा कॅश करता येतो. आपल्या कार्डाला त्याची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक ड्रायव्हरना नसते.

एवढं सगळं टाळून स्ट्रक्चर किंवा बफर स्टॅकवर ठेवायचा मोह होतो. कर्नलचा स्टॅक ६४ बिटी x८६ वर जेमतेम १६ केबीचा आहे, आणि त्यात तुमच्या आधी हाक मारलेल्या सगळ्या फंक्शनांचा वाटा असतो. एका फंक्शनची फ्रेम २०४८ बाइटच्या वर गेली की ६४ बिटी कर्नल बांधताना कंपायलर सहसा इशारा देतो. तो गांभीर्याने घ्यावा.

## दुसरी पायरी: इथे झोपता येतं का?

जीएफपी_कर्नल म्हणजे ‘मेमरी कमी असेल तर मी थांबायला तयार आहे’ असं अ‍ॅलोकेटरला दिलेलं वचन. मग तो कॅश रिकामे करतो, बदललेली पानं डिस्कवर लिहितो, अगदीच वेळ आली तर एखादी प्रोसेस मारतो. हे चालू असताना तुमचा थ्रेड झोपलेला असतो. इंटरप्ट हँडलरमध्ये (कार्डाच्या हाकेला लगेच धावणाऱ्या फंक्शनमध्ये) किंवा स्पिनलॉक (दुसऱ्याला न झोपता वाट पाहायला लावणारं कुलूप) हातात असताना झोपणं निषिद्ध, म्हणून तिथे जीएफपी_अ‍ॅटॉमिक.

अ‍ॅटॉमिक झोपत नाही, आणि राखीव साठ्यालाही हात घालू शकतं. त्यामुळे ‘सुरक्षित म्हणून सगळीकडे अ‍ॅटॉमिकच’ असं लिहिणारे लोक भेटतात. हे उलटं आहे. अ‍ॅटॉमिक मागणी कधीही फसू शकते, कारण अ‍ॅलोकेटरला जागा मोकळी करायला वेळच दिलेला नाही. शिवाय तो साठा नेटवर्क कार्डासारख्या, भर गर्दीत पॅकेट घ्यावं लागणाऱ्या ड्रायव्हरांसाठी जपलेला असतो. प्रोबमध्ये बसून तो संपवायचं कारण नाही.

बहुतेक वेळा अ‍ॅटॉमिकची गरज कोडची मांडणी बदलून टाळता येते. एक नेहमीचा प्रसंग घ्या: स्पिनलॉकखालच्या लिस्टमध्ये नवा नोड घालायचा आहे. लॉक घेऊन, नोड आधीच आहे का ते शोधून, नसेल तर तिथेच मेमरी मागणं हा पहिला सुचणारा क्रम. त्याऐवजी लॉक घेण्यापूर्वीच जीएफपी_कर्नलने नोड तयार ठेवा. मग लॉक घ्या, शोधा, नसेल तर जोडा आणि पॉइंटर नल करा. लॉक सोडा आणि शेवटी त्या पॉइंटरवर केफ्री मारा. नोड जोडला गेला असेल तर पॉइंटर नल आहे, आणि नलवर केफ्री चालतं, काही करत नाही. कधीमधी एक नोड फुकट बनतो आणि मोडतो, पण लॉक थोडाच वेळ धरला जातो आणि राखीव साठ्याला धक्का लागत नाही.

इंटरप्टच्या बाबतीत थ्रेडेड इंटरप्ट, म्हणजे मुख्य काम वेगळ्या थ्रेडमध्ये करणारा इंटरप्ट, वापरला तर त्याच्या थ्रेड भागात झोपायला हरकत नाही. आपल्या कार्डात तर इंटरप्टमध्ये काही मागायचंच नाही. सगळे बफर आधीच घेऊन ठेवलेले आहेत आणि रिंगमध्ये तेच फिरत राहतात.

एखादं मदतनीस फंक्शन कधी लॉकखालून, कधी लॉकशिवाय बोलावलं जात असेल तर ‘इन_अ‍ॅटॉमिक’ तपासून फ्लॅग ठरवू नका. प्रीएम्प्शन (चालू थ्रेड मध्येच थांबवून दुसरा चालवणं) नसलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉक धरलाय हे त्याला कळतच नाही. फ्लॅग पॅरामीटर म्हणून वरून घ्या. यूएसबीचं यूएसबी_सबमिट_यूआरबी नेमकं हेच करतं: बोलावणाऱ्याने सांगायचं की झोपणं परवडेल का.

स्टोरेजचा ड्रायव्हर लिहीत असाल तर आणखी एक सापळा. मेमरी मोकळी करायला कर्नल डिस्कवर लिहायला निघतो आणि ती डिस्क तुमच्याच ड्रायव्हरची असते. तुम्ही मेमरीची वाट पाहताय, मेमरी तुमची. तिथे मेमअलॉक_नोआयओ_सेव्ह आणि रिस्टोर यांच्यामध्ये तो भाग ठेवावा, म्हणजे त्यातली मागणी डिस्कवर लिहायला निघत नाही.

## तिसरी पायरी: आकडा बाहेरून येतो तेव्हा

चॅनेलांची यादी. प्रोग्रॅम सांगतो ‘इतके चॅनेल’, प्रत्येकाचा रेकॉर्ड १६ बाइटचा. गुणाकार करून केमॅलॉकला दिला, इतकं साधं. आता कोणी मुद्दाम २६,८४,३५,४५७ हा आकडा पाठवला आणि गुणाकार ३२ बिटी व्हेरिएबलमध्ये झाला, तर उत्तर येतं १६. मेमरी मिळाली १६ बाइट, आणि पुढचा लूप सव्वीस कोटी रेकॉर्ड त्यात ओतायला निघतो.

म्हणून हाताने गुणाकार करायचाच नाही. केमॅलॉक_अरे किंवा शून्य करून देणारं केकॅलॉक आकडा आणि माप वेगवेगळं घेतं आणि गुणाकार ओसंडला तर नल देतं. ज्याच्या शेवटी लवचीक, म्हणजे लांबी आधी न ठरलेला, अ‍ॅरे आहे अशा स्ट्रक्चरसाठी स्ट्रक्ट_साइझ आहे. त्याआधी स्वतःची मर्यादाही घाला: कार्डाला ६४ चॅनेल असतील तर ६५ आल्याबरोबर ईइनव्हॅल (‘चुकीचं मूल्य’ हा एरर कोड). यूजरस्पेसमधून आलेला डेटा जसाच्या तसा उचलायचा असेल तर मेमडप_यूजर एका झटक्यात मागणी आणि कॉपी दोन्ही करतं.

## चौथी पायरी: मोठी मागणी

केमॅलॉक देतं ती मेमरी भौतिकदृष्ट्याही सलग असते. मोठ्या मागण्या बडी अ‍ॅलोकेटरकडे जातात, आणि तो पानं दोनाच्या घातांमध्ये देतो: ऑर्डर ० म्हणजे एक पान, ऑर्डर ३ म्हणजे आठ, ऑर्डर १० म्हणजे १०२४. चार केबीच्या पानाने हिशेब केला तर ऑर्डर ३ चे ३२ केबी आणि ऑर्डर १० चे ४ एमबी. ऑर्डर ३ पर्यंतची जीएफपी_कर्नल मागणी व्यवहारात जवळपास फसत नाही, कारण तिच्यासाठी कर्नल वाटेल ते करतो. त्याच्या वर गेलात की ती ‘महागडी’ ठरते आणि अ‍ॅलोकेटर लवकर हात टेकतो.

आपले बफर एकूण ४ एमबीचे. एकदम मागितले तर थेट ऑर्डर १०. मशीन नुकतं सुरू झालं असताना मिळतीलही. आठवडाभर चालल्यावर ड्रायव्हर काढून पुन्हा घातला तर तुकडे पडलेल्या मेमरीत ते मिळणार नाहीत, एकूण कितीही गिगाबाइट रिकामे असोत. त्याऐवजी १६ केबीचे २५६ वेगळे बफर, म्हणजे ऑर्डर २ च्या २५६ मागण्या, जवळपास नेहमी मिळतात. कार्डाला डिस्क्रिप्टर आहेतच, मग सलग ४ एमबीचा हट्ट कशाला? /प्रॉक/बडीइन्फो फाइल उघडून पाहा, कोणत्या ऑर्डरचे किती तुकडे शिल्लक आहेत ते तिथे रांगेत दिसतं.

फक्त प्रोसेसरच वाचणार असलेली मोठी मेमरी, उदाहरणार्थ फर्मवेअरची प्रत किंवा मोठं टेबल, व्हीमॅलॉकने घ्या. तिचे पत्ते सलग दिसतात, मागची पानं विखुरलेली असतात. माप आधी माहीत नसेल तर केव्हीमॅलॉक उत्तम: आधी केमॅलॉक करून पाहतं, नाही जमलं तर व्हीमॅलॉक. परत करताना मात्र केव्हीफ्रीच हवं, केफ्री नाही.

## पाचवी पायरी: कार्ड जी मेमरी वाचणार-लिहिणार

डीएमएच्या (कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरी वाचतं-लिहितं त्याच्या) बाबतीत तीन पत्ते डोक्यात वेगळे ठेवावे लागतात: प्रोसेसरचा आभासी पत्ता, भौतिक पत्ता, आणि कार्डाला दिसणारा पत्ता. मध्ये आयओएमएमयू (कार्डाचे पत्ते भौतिक पत्त्यांत बदलणारं हार्डवेअर) असेल तर दुसरा आणि तिसरा सारखे नसतात. त्यामुळे व्हर्ट_टू_फिज करून तो आकडा कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहिणारा जुना कोड एखाद्या मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर नाही.

सुरुवात मास्कने: डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट बोलावून कार्ड किती बिटांचा पत्ता काढू शकतं ते सांगा. न सांगितल्यास ३२ बिट धरले जातात. ६४ बिटी कार्डाचा ड्रायव्हर हे विसरला, आयओएमएमयू नसला आणि बफर ४ जीबीच्या वर असला, तर कर्नल गुपचूप मधल्या बाउन्स बफरमधून प्रत करत राहतो. काम होतं, पण वेग पडतो, आणि कारण सहज सापडत नाही. तो बाउन्स साठाही एरवी ६४ एमबीचाच असतो. भरला की मॅपिंग फसायला लागतं.

रिंगसाठी डीएमए_अलॉक_कोहेरंट, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड दोघांना एकसारखीच दिसणारी मेमरी. ड्रायव्हर आणि कार्ड दोघंही रिंगला सतत हात लावतात, त्यामुळे प्रोसेसरचा कॅश सांभाळायची भानगड नको. हे फंक्शन दोन पत्ते देतं: परत आलेला प्रोसेसरसाठी, आणि शेजारच्या पॅरामीटरमध्ये भरलेला कार्डासाठी. दोन्ही जपून ठेवा, परत करताना दोन्ही लागतात. मेमरी पानाच्या पटीत मिळते, आपली रिंग बरोबर एका पानाची आहे. पाच-पन्नास बाइटचे अनेक तुकडे हवे असतील तर डीएमए_पूल. आणि एक बारीक नियम: डीएमए_अलॉक_कोहेरंट अ‍ॅटॉमिक फ्लॅगने इंटरप्टमध्येही चालतं, पण डीएमए_फ्री_कोहेरंट इंटरप्ट बंद असताना बोलवायचं नाही.

बफरांसाठी स्ट्रीमिंग मॅपिंग. बफर साध्या केमॅलॉकने किंवा अलॉक_पेजेसने घ्या, मग डीएमए_मॅप_सिंगलने ‘कार्डाकडून’ अशी दिशा देऊन कार्डाच्या हवाली करा. निकाल डीएमए_मॅपिंग_एररने तपासायचा, नलशी तुलना करून नाही. शून्य हा वैध पत्ता असू शकतो. या क्षणापासून बफर कार्डाचा. प्रोसेसरने त्याला शिवायचं नाही, वाचायचंसुद्धा नाही. इंटरप्ट आला की डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू, मग वाचा, मग फॉर_डिव्हाइस करून परत द्या.

हे न करताही x८६ वर बहुतेक वेळा सगळं व्यवस्थित चालतं, कारण तिथे डीएमए आणि कॅश यांचा मेळ हार्डवेअरच घालतं. तोच ड्रायव्हर एखाद्या आर्म बोर्डावर नेला की नमुन्यांमध्ये मध्येच जुने आकडे दिसू लागतात.

त्याच जातीचा, पण अधिक छुपा दोष असा. स्ट्रक्चरमध्ये कार्डाचं स्टेटस घ्यायला आठ बाइटचा अ‍ॅरे आहे आणि त्याला लागूनच इंटरप्ट मोजणारा काउंटर. दोन्ही एकाच कॅशलाइनमध्ये (कॅश एका वेळी हाताळतो त्या तुकड्यात). स्टेटसचा अ‍ॅरे मॅप केला, कार्ड लिहू लागलं, तेवढ्यात दुसऱ्या कोअरने काउंटर वाढवला. आता ती लाइन ‘बदललेली’ झाली. अनमॅप करताना कर्नल ती लाइन कॅशमधून टाकून देतो आणि काउंटरची वाढ हरवते. किंवा त्याआधीच हार्डवेअर ती लाइन मेमरीत लिहून मोकळं होतं आणि कार्डाने लिहिलेलं स्टेटस पुसलं जातं. लॉक कितीही लावा, उपयोग नाही; कार्डाला लॉक कळत नाही. उपाय एकच: डीएमएचा बफर स्ट्रक्चरच्या पोटात ठेवायचा नाही, वेगळा केमॅलॉक करायचा. केमॅलॉक अलाइनमेंटची काळजी घेतं.

स्टॅकवरचा बफर आणि व्हीमॅलॉकची मेमरी मॅप_सिंगलला देऊ नका. ४.९ पासून ६४ बिटी x८६ वर स्टॅकसुद्धा व्हीमॅलॉकच्या प्रदेशातून येऊ शकतो, त्यामुळे पूर्वी योगायोगाने चालणारे अनेक ड्रायव्हर तेव्हा उघडे पडले.

## सहावी पायरी: परत करणं

डेव्हएम_ ने सुरू होणारी फंक्शनं मेमरी डिव्हाइसला बांधतात: प्रोब फसला किंवा ड्रायव्हर सुटला की ती उलट्या क्रमाने आपोआप परत जाते. एरर आल्यावर एकेक गोष्ट परत करणाऱ्या गोटू लेबलांची माळ लिहावी लागत नाही, म्हणून ही फंक्शनं सगळ्यांना आवडतात. मलाही. पण त्यांचे दोन धोके आहेत.

पहिला, अर्धं डेव्हएम आणि अर्धं हाताने. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि रिंग रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हाताने सोडली, तर क्रम असा होतो: रिमूव्ह रिंग सोडतो, परत येतो, आणि त्यानंतर इंटरप्ट सुटतो. मधल्या फटीत इंटरप्ट आला की हँडलर गेलेल्या रिंगमध्ये डोकावतो. एकतर सगळं डेव्हएममध्ये घ्या (रिंगसाठी डीएमएएम_अलॉक_कोहेरंट आहे, बाकीच्यासाठी डेव्हएम_अ‍ॅड_अ‍ॅक्शन_ऑर_रीसेट), नाहीतर सगळं हाताने.

दुसरा धोका आयुष्याचा. कार्डासाठी कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्रॅमला फाइलसारखं उघडता येणारं) आहे आणि एका प्रोग्रॅमने ते उघडून ठेवलंय. कोणीतरी सिसएफएसमधून (कर्नल डिव्हाइसं फाइलांच्या रूपात दाखवतो तिथून) ड्रायव्हर अनबाइंड केला, म्हणजे कार्डापासून सोडवला. डेव्हएमची मेमरी त्याच क्षणी गेली, पण उघडी फाइल तशीच आहे. प्रोग्रॅमने पुढचा रीड केला की गेलेल्या स्ट्रक्चरचा वापर. अशा स्ट्रक्चरला डेव्हएम नको. साधं केझॅलॉक, केरेफने किती जण वापरताहेत याची मोजणी, आणि फाइल बंद करणारा शेवटचा जो कोणी असेल त्याच्या हातून केफ्री.

रिमूव्हमधला क्रम: नव्या विनंत्या बंद करा, कार्डाचं डीएमए रजिस्टर लिहून थांबवा आणि ते खरंच थांबलंय याची खात्री करा, इंटरप्ट सोडा, टायमर आणि वर्कक्यू (मागे ठेवलेली कामं) रद्द करून ते संपेपर्यंत थांबा, मग अनमॅप, आणि सर्वांत शेवटी मेमरी. कार्ड थांबवायच्या आधी बफर सोडले तर कार्ड त्याच पत्त्यावर लिहीत राहतं आणि तिथे आता दुसऱ्याच कोणाचा तरी डेटा असतो. हे केएसॅन या मेमरी-दोष शोधणाऱ्या साधनालाही दिसत नाही, कारण ते फक्त प्रोसेसरचे वाचन-लेखन तपासतं. अनमॅप झालेल्या पत्त्यावर लिहिताना कार्डाला पकडू शकतं ते आयओएमएमयू, म्हणून विकास करताना ते चालू ठेवा.

## सातवी पायरी: मुद्दाम मोडून पाहा

चाचणीच्या कर्नलमध्ये केएसॅन, केमेमलीक (परत न केलेली मेमरी शोधणारं), डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप आणि डीएमए_एपीआय_डीबग चालू करा. शेवटचं अनमॅप न केलेले, चुकीच्या दिशेने किंवा चुकीच्या मापाने सोडलेले बफर नावानिशी सांगतं. केएसॅन परवडत नसेल तर स्लब_डीबगचं पॉयझनिंग: सोडलेली मेमरी हेक्समधल्या ६बी या बाइटने भरली जाते. कोसळल्यावर रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी असा आकडा दिसला, की गेलेल्या ऑब्जेक्टमधला पॉइंटर वापरला गेलाय हे न शोधता कळतं.

एररचे रस्ते सहसा कोणीच चालवून पाहत नाही, आणि दोष तिथेच साचतात. मागण्या मुद्दाम फसवणारं फेलस्लॅब त्यासाठीच आहे: डीबगएफएसमधून (डीबगिंगसाठीच्या कर्नलच्या फाइलांमधून) शक्यता आणि अंतर ठरवा, फक्त आपल्याच प्रोसेसवर लागू होईल असा फिल्टर लावा, आणि प्रोब पुन्हा पुन्हा चालवा. दुसरी मागणी फसली, तिसरी फसली, शंभरावा बफर फसला. प्रत्येक वेळी आधीचे नव्व्याण्णव अनमॅप होऊन परत गेले का? मग एका छोट्या स्क्रिप्टने काही शे वेळा बाइंड-अनबाइंड करा, त्यातल्या निम्म्या वेळा कार्ड नमुने गोळा करत असताना आणि फाइल उघडी असताना. त्यानंतर केमेमलीकच्या फाइलमध्ये ‘स्कॅन’ लिहा आणि तीच फाइल वाचा. पहिल्या स्कॅनमध्ये दिसलेल्या गळतीवर लगेच विश्वास ठेवू नका, थोड्या वेळाने दुसरा स्कॅन करा. त्यातही उरल्या असतील तर प्रत्येकीखाली ती मेमरी कुठून मागितली गेली त्याचा स्टॅक छापलेला असतो.